बरणीतलं जुनं पाणी

रायपुरात खारं पाणी जपायची नोकरी केली असं सांगितलं की नागपूरकडचे नातेवाईक हसतात. "तिकडं समुद्र कुठून आला बाप्पा?" असं मामांनी एकदा भर लग्नात, पंगतीत विचारलं होतं. समुद्र आला नव्हता, आम्ही आणत होतो. आंध्रच्या किनाऱ्यावरून, निळ्या पिंपांतून, खात्याच्या गाडीने. गाडी आली की सगळ्या आवारात माशांचा वास सुटायचा आणि शेजारच्या कार्यालयातले बाबू खिडक्या लावून घ्यायचे.

कारण साधं होतं. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा तळ्यात वाढतो, पण त्याची पिल्लं जन्मल्यावर पहिले काही आठवडे खारट पाण्याशिवाय जगत नाहीत. राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, तळी तर इथे पावलोपावली. तेव्हा झिंग्याची पिल्लं बाहेरून न आणता इथेच काढावीत असं कुणीतरी ठरवलं आणि आमची छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. त्या पिल्लांना जिवंत खाणं लागतं, आणि तेही त्यांच्या तोंडात मावेल एवढंच. ते खाणं वाढवायचं काम माझं.

खाणं म्हणजे कोपेपॉड. समुद्रातला, झिंग्याच्याच कुळातला, मोहरीच्या दाण्याहूनही लहान जीव. एकच डोळा, पुढे दोन मिशा, आणि पोहणं असं की सारखी उचकी लागल्यासारखं. त्याला खायला आम्ही तपकिरी रंगाचं शेवाळ वाढवायचो. शेवाळ म्हणजे तळ्याच्या पायरीवरचं घसरडं नव्हे, पाण्यात सुटं तरंगणारं, एकेका कणाचं. बरणी उजेडात धरली की पाणी कोऱ्या चहासारखं दिसायचं. शेवाळ उजेडावर आणि क्षारांवर वाढायचं, कोपेपॉड शेवाळ खायचे, झिंग्याची पिल्लं कोपेपॉड खायची. फळ्यावर बाण काढून मी हे शिकाऊ लोकांना समजवायची. त्या चित्रात एका कोपऱ्यात 'जीवाणू' असंही लिहायची आणि तिथून शेवाळाकडे एक तुटक बाण काढायची. तुटक बाणाबद्दल कुणी विचारत नसे, मीही फार बोलत नसे.

या प्रयोगशाळेत मी येण्याआधीपासून दीदी होती. सगळे तिला दीदीच म्हणायचे, साहेबसुद्धा. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, गोल बाजारामागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहणारी, रोजंदारीवरची बाई. सही करता यायची, वाचता यायचं नाही. भांडी धुणं, पाणी उकळणं, बरण्या लावणं हे तिचं काम. मला ती पहिल्या दिवसापासून 'नोनी' म्हणायची. छत्तीसगढीत नोनी म्हणजे पोरगी, घरातली लाडकी पोट्टी. मी अधिकारी होते, एम.एस्सी. होते, दोन मुलांची आई होते. तरी नोनी. पहिल्यांदा मला ते खटकलं, मग सवय झाली, आणि मग कुणी दुसऱ्याने 'मॅडम' म्हटलं की तो मलाच बोलवतोय हे कळायला क्षणभर लागायचं.

बरण्या खरंच बरण्या होत्या. काचेची नळकांडी मागवल्याचा कागद खात्यात फिरत राहिला, म्हणून दीदीने आणि मी गोल बाजारातून लोणच्याच्या काचेच्या बरण्या आणल्या. दुकानदाराने विचारलं, इतकं लोणचं कुणाच्या घरचं? दीदी म्हणाली, सरकारच्या घरचं.

नवी बरणी लावायची दीदीची एक पद्धत होती. खारं पाणी उकळून, निववून, क्षार घालून झाले, शेवाळ ओतून झालं, की ती आधीच्या बरणीतलं एक पळीभर जुनं पाणी नव्या बरणीत सोडायची. "थोकन जुन्ना पानी," म्हणजे थोडंसं जुनं पाणी, असं स्वतःशीच म्हणत. आणि शनिवारी, दुसऱ्या दिवशी सुटी म्हणून, आणखी एक काम करायची. तिच्या डब्यात बासी असायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा, सकाळी तो जरा आंबतो, मीठ-कांदा घेऊन खायचा, ती बासी. त्या बासीचं वरचं पाणी बोटावर घेऊन ती प्रत्येक बरणीत एक-एक थेंब टाकायची. हे दुसरं काम ती मी जेवायला गेले की करायची, त्यामुळे कित्येक वर्षं मला माहीत नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण चूक माझी आहे. मला स्वच्छतेचा रोग आहे. नवरा उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, रोलिंग मिलमध्ये. त्याच्या कपड्यांतून, टिफिनच्या झाकणातून, कानामागूनसुद्धा काळी धूळ निघायची. वारा त्या बाजूचा असला की गच्चीवरच्या पापडांवर, पाण्याच्या टाकीवर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर काळा थर. मी दिवसातून तीनदा घर पुसायची. आई म्हणायची, "एवढं काहून घासून राहिली? फरशी झिजून खालच्यांच्या घरात पडशील." पण मला राहवायचं नाही. काळी बोटं दिसली की माझं डोकं फिरायचं, आणि फिरलं की तोंड सुटायचं. तोंड सुटलं की मग मी कुणाची नव्हे. हा स्वभाव आहे, लपवून काय उपयोग.

मग आमची प्रयोगशाळा जुन्या शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपुरात हलली. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना लावलेली आणि अजून न वाढलेली झाडं, आणि तासातासाला एक बस, तीही मनात असेल तर. इमारत मात्र देखणी. पांढऱ्या टाइल्स, मोठ्या काचा, हात लावला की ठसा उमटेल असं स्टीलचं टेबल. हलवाहलवीत महिना गेला, तोही मे. खोकी त्या उन्हात बंद गोडाऊनमध्ये पडून होती. त्यांतच एका खोक्यात व्हिटॅमिनच्या द्रावणाची बाटली होती. शेवाळाला थोडं व्हिटॅमिन लागतं, स्वतः ते बनवत नाही, म्हणून नव्या पाण्यात त्या बाटलीतले थेंब घालायचे असा नियम. बाटली खोक्यातून निघाली, फळीवर गेली, आणि मी नेहमीसारखे थेंब घालत राहिले. उन्हात ती मेली होती. बाटली मेली हे बाहेरून दिसत नाही, पाणी ते पाणीच.

नव्या जागेत आल्यावर मी ठरवलं की आता सगळं पुस्तकाप्रमाणे. त्याच सुमाराला सरकारचा एक हुकूमही आला. ज्यांची रोजंदारीवर इतकी इतकी वर्षं झाली, त्यांना पक्कं करायचं, प्रत्येक कार्यालयाने यादी पाठवायची आणि प्रत्येक नावापुढे काम समाधानकारक आहे असा शेरा हवा. आमच्याकडून एकच नाव जाणार होतं, दीदीचं. शेरा लिहिणार साहेब, पण माझ्या तोंडाकडे बघून. दीदीला हे माहीत होतं. बसची दीड तास वाट बघून, घामाने निथळत ती यायची आणि बरण्यांना हात लावण्याआधी मला विचारायची, "नोनी, कागद गइस का?" कागद गेला का. मी म्हणायची, जाईल गं, तुझाच तर आहे. पक्की झाली असती तर तिला म्हातारपणी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. घरी कमावतं दुसरं कुणी नव्हतं. एवढंच होतं त्या कागदात, आणि तेवढंच पुष्कळ होतं.

एका शनिवारी मी चष्मा विसरले म्हणून जेवण अर्धवट सोडून परत आले. दीदी डबा उघडा ठेवून बरणीवर वाकली होती आणि बोटावरून बासीचं पाणी ठिपकवत होती. आंबलेल्या भाताचं पाणी. बोटाने. माझ्या स्टीलच्या टेबलावर.

काय काय बोलले ते सगळं आठवतं, पण सगळं लिहीत नाही. "हे काय तुझ्या घरचं स्वयंपाकघर आहे?" हे नक्की म्हटलं. "इतकी वर्षं मी काय झक मारली इथे?" हेही. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "इतवार के ए मन भूख मरहीं, नोनी." रविवारी हे उपाशी मरतात. मी म्हटलं, मरू देत, पण तू यांना हात लावायचा नाहीस. आणि जुन्या पाण्याची पळीही आजपासून बंद.

त्यानंतर मी शेवाळ स्वच्छ करायला घेतलं. प्रतिजैविकं घालून, पुन्हापुन्हा नव्या पाण्यात टाकून, त्यातला एकूणएक जीवाणू मारला. पंधरा दिवसांची मेहनत होती आणि मला तिचा अभिमान होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाणी असं निर्मळ की शेवाळाचा प्रत्येक कण वेगळा, देवघरात मांडल्यासारखा. कोपेपॉड गाळून, धुऊन त्या पाण्यात सोडले. जुन्या बरण्यांच्या तळाचा गाळ आणि गढूळ पाणी ओतून टाकायला दीदीला सांगितलं. ती बादली घेऊन बाहेर गेली, जरा जास्तच वेळ लावला, आणि परत येऊन बरण्या घासल्या. लख्ख घासल्या. मी शाबासकीसुद्धा दिली.

आठवडाभर ठीक चाललं. मग बरण्या फिकट व्हायला लागल्या. कोऱ्या चहाचा रंग उतरत जाऊन पाणी आधी लिंबू-सरबतासारखं आणि मग नुसतंच पाणी झालं. कोपेपॉड तळाशी बसायला लागले. उचक्या कमी झाल्या. तिकडे झिंग्याची पिल्लं यायची तारीख जवळ आलेली, त्यांच्यासाठी तळीवाल्यांची मागणी नोंदवून झालेली, साहेब दिवसाआड येऊन काचेवर टिचकी मारून जायचे. "क्या हुआ, मरे पड़े हैं सब?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दीदी मागे पोछा घेऊन उभी होती.

मी त्या क्षणी विचार केला नाही. मला उत्तर आधीच सुचलेलं होतं. डब्यातली बासी, बोट, पळी. दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी टिपण दिलं. आमचं कार्यालय हिंदीत चालायचं. संबंधित कामगार बाई वारंवार मनाई करूनही अन्नाचे दूषित पाणी संवर्धनात मिसळत असे, त्यामुळे संपूर्ण साठा नष्ट होण्याच्या मार्गावर आहे, ही घोर लापरवाही आहे. 'घोर' मी आधी लिहिला नव्हता. वाचून बघितलं, टिपण मिळमिळीत वाटलं, म्हणून वरच्या बाजूला काकपद काढून घातला. 'वारंवार' हेही खोटं होतं, मनाई मी एकदाच केली होती.

साहेबांनी दीदीला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. यादी त्याच आठवड्यात गेली, आमच्या कार्यालयाच्या रकान्यात 'निरंक' लिहून. तिला टिपणाबद्दल कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, साठा मेला म्हणून काम संपलं. जाताना ती माझ्या टेबलाशी आली, पदराने टेबलाची कड पुसली जिथे तिचं बोट लागलं होतं, आणि म्हणाली, "अपन धियान राखबे, नोनी." स्वतःला जप.

आता बरण्यांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नव्हता. मी नवं पाणी उकळलं, नवं शेवाळ लावलं, हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. दहा दिवसांत तेही फिकट. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. एक मादी काचपट्टीवर घेऊन बघितली तर पोट आरपार दिसत होतं, आत काही नाही, शेपटीशी अंड्यांची पिशवी असते तीही नाही. दोष द्यायला खोलीत दुसरं माणूस नव्हतं. मी बराच वेळ तिथे बसून राहिले आणि कुणावर तरी ओरडावंसं वाटत राहिलं.

त्या रविवारी आई घरी आली होती. वडील रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दोघं जुन्या भागात राहायची, आई अधूनमधून आमच्याकडे. ती ओट्याशी दूध निववत होती. मी तिला रडगाणं ऐकवत होते, दीदी कशी भाताचं पाणी घालायची, जुन्या पाण्याची पळी कशी टाकायची, सगळं. आईने भांड्यातलं जुनं दही चमच्याने काढून दुधात सोडलं, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "मंग विरजणच लावे ना ते."

मी म्हटलं, काय?

"विरजण गं. आता तू ते भांडं घासून पुसून ठेवशील आन् दूध ठेवशील, तर दही कशाचं लागन? एवढी शिकली पोट्टी, आन् विरजण नाही समजलं तुले?"

ती हसत होती. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे माझाच फळा आला आणि कोपऱ्यातला तो तुटक बाण. शेवाळ जे व्हिटॅमिन स्वतः बनवत नाही, ते त्याला जीवाणू बनवून देतात. जीवाणू जगतात शेवाळातून पाझरलेल्या साखरेवर आणि कोपेपॉडच्या विष्ठेवर. कोपेपॉड शेवाळ तर खातातच, पण तळाच्या गाळावर चिकटलेले जीवाणूही चरतात, आणि शेवाळ कमी पडेल त्या दिवशी त्यांच्यावरच निभावतात. बासीच्या पाण्याचा एक थेंब पडला की खाऱ्या पाण्यातले जीवाणू त्याच्यावर पोसतात, म्हणजे रविवारची सोय होते. हे सगळं मला येत होतं. परीक्षेत लिहिलं होतं, फळ्यावर शिकवलं होतं. त्या साखळीतला एक घटक मी पंधरा दिवस खपून, औषधं घालून मारला होता आणि वर मेलेल्या बाटलीतले थेंब घालत बसले होते. जुनं पाणी होतं तोवर बाटलीची गरजच पडली नव्हती, म्हणून ती मेल्याचं कुणाला कळलं नाही. मी दुसऱ्या दिवशी नवी बाटली मागवायचा कागद केला, पण जीवाणू कुठून मागवणार? बरण्या लख्ख होत्या, गाळ मी ओतायला लावला होता.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गोल बाजारामागे गेले. पारा विचारत विचारत घर सापडलं. दीदी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, "आ नोनी, बइठ," म्हणत पाट सरकवला. काम गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असावं असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मला ते बघवलं नाही, म्हणून मी आत बघितलं.

खिडकीत आमची बरणी होती. लोणच्याची, गोल बाजाराची, तोंडाला धुवट फडकं बांधलेली. पाणी गढूळ तपकिरी, तळाशी दोन बोटं गाळ, आणि त्यात ते. उचक्या देत, खाली-वर, भरपूर. खिडकीच्या उजेडात एकेकीच्या शेपटीशी पिशवी दिसत होती.

तिने ओतून टाकलं नव्हतं. बादली घेऊन बाहेर गेली तेव्हा तेवढं एका बरणीत काढून पिशवीतून घरी नेलं होतं. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, जामन कुणी फेकतं का. विरजणाला इकडे जामन म्हणतात. आणि मग जरा ओशाळून, तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. रोज बासीच्या पाण्याचा थेंब देते, पाणी आटलं तर उकळलेलं साधं पाणी घालते, मीठ मात्र वरून घालत नाही. आटताना मीठ आतच राहतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला सांगायला हवं होतं त्या वेळी, तिथेच, की टिपण मी लिहिलंय. नाही सांगितलं. बरणी मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि ती शेजारी बसून बस थांब्यापर्यंत पोचवायला आली.

तीन आठवड्यांत सगळ्या बरण्या पुन्हा तपकिरी झाल्या. झिंग्याची पिल्लं पुढे ढकललेल्या तारखेला आली, जगली, तळ्यांत गेली. साहेब खूश. मी त्यांना सांगून दीदीला रोजंदारीवर परत बोलावलं. साठा वाचला कसा, या अहवालात मी लिहिलं की जुन्या साठ्यातील राखीव नमुन्यापासून पुनरुज्जीवन केले. राखीव नमुना. कुणाच्या खिडकीत, ते लिहिलं नाही. अहवालाबद्दल माझं नाव वर कळवलं गेलं, आणि मी ते घरी सांगितलंही.

काही महिन्यांनी पक्कं झालेल्यांची यादी लागली. दीदी तिची प्रत घेऊन माझ्याकडे आली. घडी घातलेला कागद उलगडून टेबलावर ठेवला, स्टीलच्या, आणि म्हणाली, "मोर नाव देख तो, नोनी." माझं नाव बघ. मी दोन्ही पानं बघितली. नसणार हे माहीत असूनही बोट फिरवत खालपर्यंत गेले, म्हणजे शोधल्यासारखं दिसावं. नाही, म्हटलं. ती म्हणाली, "छूट गे होही." सुटलं असेल. आणि मग, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच एक अर्ज लिहून दे, दुसरी यादी निघणार आहे म्हणतात.

म्हणजे ज्या हाताने टिपण लिहिलं त्याच हाताने अर्ज. मला त्या वेळी जे वाटलं त्याला लाज म्हणतात. दुसरा शब्द शोधत बसत नाही.

अर्ज मी घरी लिहिला. तीनदा लिहिला. पहिल्यात तिची नोकरीची वर्षं, तिची निष्ठा, असं सगळं गोड गोड होतं. नवऱ्याने वाचून बरोबर आहे म्हटलं. पण फाइलमध्ये माझं टिपण जोवर आहे तोवर हा अर्ज कचरा आहे, हे मला कळत होतं आणि त्याला कळत नव्हतं. शेवटी जो लिहिला त्यात साफ लिहिलं. साठा मरायला मी केलेली अतिस्वच्छता आणि माझ्या हातून वापरलं गेलेलं खराब द्रावण कारण होतं. बाईंची पद्धत योग्य होती. साठा बाईंनी स्वतःच्या घरी जपल्यामुळे वाचला. त्यांच्याविरुद्धचं टिपण मी दिलं होतं, ते चुकीचं होतं आणि त्यातला मजकूर खरा नव्हता, ते रद्द समजावं. खाली तिच्या सहीची जागा सोडली आणि शेजारी माझी सही केली. साहेब नाराज होतील, माझ्या गोपनीय अहवालात काहीतरी चढेल, हे दिसत होतं. चढलंच पुढे.

ज्या कागदावर सही करायची तो तिला वाचून दाखवायचा, ही आमची जुनी रीत होती. पगाराची पावती असो की रजेचा अर्ज, मी वाचायची, ती ऐकायची, मग सही. हा अर्ज न वाचता सही घेता आली असती. ती घाईत होती, बसची वेळ झाली होती, "दे ना, कर देथँव," म्हणाली. मी म्हटलं, नाही, ऐक. आणि सगळा वाचला. हिंदीतला, सरकारी शब्दांचा अर्ज, जिथे तिला कळणार नाही असं वाटलं तिथे साध्या भाषेत फोड करून. टिपणाच्या ओळीशी आले तेव्हाही थांबले नाही.

ती ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने कागदावरच्या माझ्या सहीकडे बघितलं. मग एवढंच विचारलं, "तैं लिखे रहेस?" तू लिहिलं होतंस?

"हव," मी म्हटलं.

तिने पेन घेतलं. सही करायला तिला वेळ लागायचा, एकेक अक्षर जागेवर बसवत करायची. तशीच केली. पेनचं टोपण लावून ते परत दिलं, कागद माझ्याकडे सरकवला, आणि बरण्यांकडे गेली. शनिवार होता. डबा उघडून तिने बासीच्या पाण्याचा थेंब प्रत्येक बरणीत सोडला, माझ्या देखत, एकही बरणी न चुकवता. मग पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "जाथँव, मैडम."

दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं. ती पक्की झाली, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्याच खोलीत काम केलं. कधी अबोला नाही, कधी टोमणा नाही, कामात कसूर नाही. पक्कं झाल्याच्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले. साहेबांना दिला, चौकीदाराला दिला, शिकाऊ पोट्टीच्या गालाला हात लावून तिला दोन दिले, "ले नोनी, खा." मग माझ्या टेबलाशी आली आणि खोकं दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"लेवव मैडम," म्हणाली. मी एक पेढा घेतला.